नाली कुणासाठी खोदायची?

माझा संशोधनाचा विषय सांगितला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात समोरचा माणूस आधी हसतो. महामार्गाच्या कडेची नाली! मामा तर सरळ म्हणाले, "जेसीबीवाला एका दिवसात नाली खोदून देते, तुले पाच वर्स कायले लागते?" तेव्हा मी काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. आता वाटतं, माझा अर्धा विषय मामांच्या त्या वाक्यातच होता. आपल्याकडच्या बऱ्याच नाल्यांचा आकार ना पाण्याने ठरवलाय, ना गाडीने. तो जेसीबीच्या बकेटने ठरवलाय. बकेट जेवढी रुंद तेवढा तळ, आणि मुरूम उभा राहतो म्हणून बाजू जवळजवळ सरळ.

तुमच्यापैकी बरेच जण पेट-नेटची तयारी करताय, विषय शोधताय. म्हणून आज नालीच्या निमित्ताने दोन गोष्टी सांगतो. पहिली, सुरक्षित नालीचं गणित नेमकं काय असतं. दुसरी, हे गणित बरोबर सोडवूनही माझं पहिलं वर्ष कुठे चुकलं.

नालीचं काम काय?

चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस भरपूर. वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिमी, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रस्त्यावर पडलेलं पाणी पटकन बाजूला गेलं नाही तर दोन नुकसानं होतात. वरचं दिसतं: डांबर उखडतं, खड्डे पडतात. खालचं दिसत नाही: पाणी रस्त्याच्या पायात मुरतं. वरोरा, राजुरा, कोरपना भागातली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिची ताकद जाते. मग वरचा रस्ता कितीही चांगला असो, तो बसतो. गडचिरोलीकडे मुरमाड, लालसर जमिनीत हा त्रास कमी, पण तिथे पाणी वेगाने वाहून कडा खात जातं.

म्हणून नालीकडे आपण पाण्याची वाट म्हणून बघतो. रस्त्याच्या पाणीनिचऱ्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:४२ ही वेगळी मार्गदर्शिका आहे, आणि पाण्याच्या बाजूने या विषयाचा अभ्यास मुबलक झालाय. पण त्याच नालीत कधी कधी गाडीही जाते.

रस्ता सोडलेली गाडी

डोळा लागतो, समोरच्या ट्रकचा दिपर डोळ्यांवर येतो, जंगलातून अचानक रानडुक्कर आडवं येतं. गाडी डांबर सोडते, साइडपट्टी सोडते आणि उतारावर येते. पुढचं सगळं त्या उतारावर अवलंबून.

उतार लिहायची पद्धत आधी समजून घ्या. १:४ म्हणजे १ मीटर खाली उतरायला ४ मीटर आडवं जायचं. हा कोन साधारण १४ अंशांचा. १:२ म्हणजे सुमारे २७ अंश. १:१ म्हणजे ४५. अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे आशटोची, रस्त्याच्या कडेच्या रचनेवर एक मार्गदर्शिका आहे आणि जगभर तिचा आधार घेतला जातो. ती उतारांचे तीन गट करते. १:४ किंवा त्याहून सपाट उतारावर चालक गाडी सावरून परत वर आणू शकतो. १:३ ते १:४ यांच्या दरम्यान गाडी उलटत नाही, पण परतही येत नाही; ती तळापर्यंत जाणार हे धरून चालायचं. १:३ पेक्षा उभ्या उतारावर ती उलटण्याचाच संभव जास्त. आपल्याकडे भरावाच्या बाजू सर्रास १:२ असतात. म्हणजे तिसरा गट.

उतार संपला की नालीचा तळ येतो, आणि पलीकडची बाजू वर चढते. दोन्ही बाजू १:१ असतील तर गाडीच्या नाकाला तळाशी ९० अंशांचं वळण घ्यायचं असतं. ते ती घेत नाही, आदळते. दोन्ही बाजू १:४ असतील तर हाच बदल २८ अंशांचा होतो, आणि तळ टोकदार न ठेवता गोलसर केला तर धक्का आणखी कमी. म्हणून रस्त्याकडचा आणि पलीकडचा उतार वेगवेगळे तपासून भागत नाही, त्यांची जोडी तपासावी लागते.

गणित करून बघू

"सपाट, उथळ नाली केली तर पाणी मावेल का?" हा पहिला आक्षेप. मलाही हीच शंका होती. वही घ्या, सोबत करू.

समजा, दोन मोऱ्यांमधलं अंतर २५० मीटर. रस्त्याची ५ मीटर रुंदी या नालीकडे उतरते आणि पलीकडची ३० मीटर जमीनही इकडेच वाहते. डांबरावरचं ९० टक्के पाणी वाहून येतं असं धरू, झाडोऱ्याच्या जमिनीवरचं ४० टक्के. सर जोरदार, तासाला ९० मिमी गतीची. आता वाहून येणारा वाटा, पावसाची गती आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करा. यालाच आपण रॅशनल पद्धत म्हणतो. उत्तर येतं सेकंदाला साधारण ०.१० घनमीटर, म्हणजे १०० लिटर.

आता दोन नाल्या घ्या. दोघींचा लांबीतला उतार ०.५ टक्के, दोन्ही मातीच्या, मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक ०.०३.

पहिली, नेहमीची: तळ अर्धा मीटर, बाजू १:१, खोली अर्धा मीटर. वरची रुंदी १.५ मीटर. काठोकाठ भरली तर ही सेकंदाला ४८० लिटर वाहून नेते, म्हणजे गरजेच्या जवळपास पाचपट.

दुसरी, उथळ: दोन्ही बाजू १:४, खोली फक्त ३० सेंमी. वरची रुंदी २.४ मीटर. ही काठोकाठ २३५ लिटर नेते, गरजेच्या दुपटीहून जास्त.

आणखी एक गंमत बघा. आपले १०० लिटर वाहत असताना पाण्याची खोली पहिल्या नालीत किती? सुमारे २२ सेंमी. दुसऱ्या नालीत? तीही सुमारे २२ सेंमी! या पावसाला खोल नालीतली वरची २८ सेंमी लागतच नाहीत. ती खोली फक्त पडणाऱ्याच्या वाट्याला येते.

लगेच टाळ्या वाजवू नका, उथळ नालीची दुसरी बाजूही आहे. श्रावणात नालीत गवत माजतं, गुणांक दुप्पट होतो आणि क्षमता निम्म्यावर येते. उथळ नाली तेव्हा ११७ लिटर नेते. म्हणजे पुरते, पण हात राखून नाही. एकदा गाळ साचला की संपलं. खोल नालीला हेच दुर्लक्ष जास्त वर्षं सोसतं. म्हणून उथळ नाली सुचवणाऱ्याने गवत-गाळ काढायचा खर्चही सोबत सुचवला पाहिजे. शिवाय रस्त्याच्या पायातला निचऱ्याचा थर नालीतल्या पाण्याच्या वर उघडायला हवा. रस्ता भरावावर असेल तर हे आपोआप जमतं. टेकडी कापून रस्ता नेलाय तिथे जमत नाही. तिथे खोल निचरा वेगळा, झाकलेला करावा लागतो. लांबीतला उतारही सोडून चालत नाही. सपाट पडलेल्या नालीत पाणी तुंबतं, आणि हिवतापाचा मोठा भार असलेल्या गडचिरोलीत तुंबलेलं पाणी ही क्षुल्लक गोष्ट नाही.

९० सेंटीमीटरची किंमत

दोन्ही नाल्यांच्या रुंदीत फरक किती? ९० सेंमी. दोन्ही बाजूंना धरून एका किलोमीटरला ०.१८ हेक्टर जमीन जास्त. वरोऱ्याच्या कपाशीच्या पट्ट्यात हा भूसंपादनाचा प्रश्न. गडचिरोलीत, जिथे जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग वनाच्छादित आहे, हा झाडांचा प्रश्न. वनजमीन रस्त्यासाठी वळवायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते, आणि ती सहजी मिळू नये असंच मला वाटतं.

परदेशी मार्गदर्शिका इथे सरळ लावता येत नाही, त्याचं हे पहिलं कारण. "क्लिअर झोन" हा शब्द तुम्ही वाचला असेल: रस्त्याच्या कडेची अशी मोकळी पट्टी जिथे झाड, खांब, दगड काहीच नाही. त्यातला प्रसिद्ध आकडा ९ मीटरचा, म्हणजे ३० फुटांचा. दोन्हीकडे ९ मीटर झाडं तोडायची, असा अर्थ आपण आलापल्लीच्या सागवानात लावणार आहोत का? नाही. मग ९० सेंमी कुठे मागायचे आणि कुठे नाही, हे निवडावं लागतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मागा, कारण गाडी तिकडे फेकली जाते. लांब उताराच्या पायथ्याशी मागा. सरळ, सपाट, दाट जंगलाच्या पट्ट्यात आधी वेग कमी करायचा उपाय बघा. तो वाघालाही सोयीचा आणि माणसालाही.

जंगलात आणखी एक सावधगिरी. जागा वाचवायला बऱ्याचदा उभ्या भिंतींची काँक्रीटची नाली सुचवली जाते. तिच्यात बेडूक, कासव, लहान पिल्लं पडली की वर येऊ शकत नाहीत. भिंत अधूनमधून तिरकी करून चढायला वाट ठेवणं, हा साधा उपाय आराखड्यातच लिहिला पाहिजे. नंतर तो कुणाला आठवत नाही.

तो आकडा कुठल्या गाडीचा?

आता माझी चूक.

त्या ९ मीटरच्या आकड्याचं मूळ अमेरिकेत, मिशिगनमधल्या मिलफर्ड इथल्या जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानात आहे. केनेथ स्टोनेक्स या अभियंत्याने तिथल्या रस्त्यांवरून भरकटलेल्या गाड्यांचा अभ्यास केला होता. सुमारे ८० टक्के गाड्या ३० फुटांच्या आत थांबल्या किंवा सावरल्या, असं त्यातून निघालं. १९६७ मध्ये तो विचार अमेरिकेच्या अधिकृत सुरक्षा अहवालात आला आणि पुढे जगभर पसरला. काम मोठंच. पण त्या गाड्या चारचाकी मोटारी होत्या. १:४ ला गाडी सावरते, हेही मोटारीचंच.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवर होती. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे. मी ते माझ्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर टाकले होते. आणि तरीही माझा मोजणीचा तक्ता मात्र मोटारीचा होता: साइडपट्टीची रुंदी, उतार, खोली, पलीकडचा उतार, झाडाचं अंतर. पहिला अख्खा पावसाळा मी त्या तक्त्यावर मोजत फिरलो.

दिवाळीत मावसभाऊ घरी आला. दोन वर्षांपूर्वी मूल-सावली बाजूला रात्रीच्या पावसात त्याची दुचाकी नालीत गेली होती. गळ्याचं हाड मोडलं, गुडघा कायमचा गेला. खुर्चीवर बसून पाय लांब करून तो माझा तक्ता वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "मी ज्याले आदळलो, ते यात कुठी आहे?"

ते त्यात नव्हतंच.

उतारावर त्याला फारसं लागलं नव्हतं. तो उतारावरून घसरून नालीत गेला आणि नालीतूनच पुढे घसरत राहिला, ओल्या गवतावरून. मध्ये कुणाच्या तरी धानाच्या बांधीत जायचा पोचरस्ता होता. नाली ओलांडायला तिथे पाइप टाकून वर मुरूम भरलेला, आणि दोन्ही टोकांना दगडी भिंत. त्या भिंतीवर तो आदळला. तुम्ही मूल, सावली, सिंदेवाहीकडून गेला असाल तर असे पोचरस्ते शेकड्यांनी पाहिले असतील. माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी एकही रकाना नव्हता, कारण ज्या तक्त्यावरून मी माझा तयार केला, त्या देशात दर बांधीला पोचरस्ता नसतो.

त्याच्या कागदात कारण काय लिहिलंय? अतिवेग. देशभरातही २०२२ च्या रस्ते अपघातांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या पुढे अतिवेग हेच कारण आहे. तो जोरात होता का? असेलही. पण "रस्ता का सुटला" आणि "एवढं का लागलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विल्यम हॅडन या डॉक्टरने १९६० च्या दशकाच्या शेवटी अपघाताचे तीन टप्पे पाडले: आधी, प्रत्यक्ष आदळताना आणि नंतर. प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि परिसर वेगवेगळे बघा, असं त्याचं म्हणणं. अतिवेग हे पहिल्या चौकटीतलं उत्तर. पोचरस्त्याची भिंत मधल्या चौकटीत बसते. आपण पहिली चौकट भरून वही मिटतो.

मग करायचं काय?

आशटोची मार्गदर्शिका अडथळ्यांसाठी सहा पायऱ्या सांगते. त्या क्रमानेच विचारायच्या असतात, म्हणून आपल्या पोचरस्त्याला लावून बघू.

१. काढता येईल का? शंभर मीटरमध्ये चार पोचरस्ते असतील तर शेतकऱ्यांशी बोलून दोन करता येतील. पण त्यासाठी धुऱ्यावरून वाट लागते, म्हणजे आधी गावात बसावं लागतं.

२. सौम्य करता येईल का? उभ्या भिंतीऐवजी टोकाला तिरका उतार द्यायचा. वेगवान रस्त्यावर १:६ किंवा त्याहून सपाट, जागा असेल तर १:१०. पाइप मोठा असेल तर तोंडावर तिरक्या लोखंडी दांड्या बसवायच्या, म्हणजे चाक आत अडकत नाही.

३. लांब नेता येईल का? पाइप आणि भिंत रस्त्यापासून आणखी दूर सरकवायची.

४. धक्का कमी करता येईल का? हे मुख्यतः खांबांसाठी. धडकेला मोडणारे खांब असतात तसं. दगडी भिंतीला फारसं लागू नाही.

५. झाकता येईल का? म्हणजे कठडा. त्यासाठी आयआरसी:११९ आहे. पण कठडा स्वतःच एक अडथळा असतो, आणि दुचाकीस्वारासाठी त्याचे खांब नालीइतकेच वाईट ठरू शकतात.

६. काहीच जमत नसेल तर निदान दाखवा. रात्री चमकणारे खुणेचे खांब, रंग.

आपल्याकडे बहुधा सहाव्या पायरीपासून सुरुवात होते, आणि ती रंगाचा डबा संपला की थांबते. दुसरी पायरी खर्चाने फार मोठी नाही. त्यात माती, थोडं काँक्रीट आणि आराखड्यातली एक जास्तीची रेघ लागते. अडचण अशी, की ती रेघ मारायला आराखडा करणाऱ्याला तो पोचरस्ता आधी दिसावा लागतो.

आणि पोचरस्ता दिसला की शेतकरीही दिसतो. पाऊस लांबला की तो नालीत आडवी माती टाकून पाणी बांधीत वळवतो. कंत्राटदाराच्या नजरेत ही नासधूस. धान वाचवणाऱ्याच्या नजरेत नाली हा त्याच्या पाण्याचा भाग. हा मातीचा आडवा बांधही घसरत येणाऱ्या दुचाकीसाठी अडथळाच. तो रागावून हटणार नाही. पाणी वळवायची सोय नालीच्या आराखड्यातच दिली तर हटेल.

तुमच्या प्रस्तावासाठी

दुसऱ्या वर्षी मी तक्ता बदलला. पोचरस्ता, मोरीची भिंत, आडवा बांध, मुरूम काढून सोडलेला खड्डा, असे नवे रकाने आले. पहिल्या वर्षीचा सगळा पट्टा पुन्हा चालावा लागला. गाइड रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तक्ता करण्याआधी भावाला भेटला असतास तर?"

म्हणून तुम्हाला तीन कामं सांगतो. तुमचा विषय नालीचा नसला तरी.

एक, तुमच्या प्रस्तावातला सर्वांत आवडता आकडा घ्या आणि तो मुळात कुठे, कशावर मोजला होता ते शोधा. "सर्वमान्य आहे" हे उत्तर चालणार नाही. आकडा चुकीचा निघेलच असं नाही, पण तो कुणाबद्दल बोलतोय हे कळेल.

दोन, मोजणीचा तक्ता छापण्याआधी ज्याला ती गोष्ट लागली, बोचली, बुडवून गेली, अशा एका माणसाला वाचायला द्या. मार्गदर्शक आणि समितीच्याही आधी.

तीन, एक दिवस नुसतं चाला. टेप, पाण्याची लेव्हल, वही, आणि अंगात भडक रंगाचं जाकीट. रस्त्याच्या कडेला काम करताना ते घातल्याशिवाय उतरू नका. गाडीतून दिसणारी नाली सलग असते. पायी चालताना दर थोड्या अंतरावर ती तुटते, आणि तुटते तिथेच कुणीतरी आदळलेलं असतं.

मामांना मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. नाली एका दिवसात खोदून होते, हे खरंच आहे. पण बकेट जमिनीला लागण्याआधी पाणी, मोटार, दुचाकी, धानवाला आणि जंगल अशा पाच जणांना विचारायचं असतं. पाच वर्षं त्या विचारण्यात जातात. या उन्हाळ्यात मी मावसभावाला घेऊन पुन्हा त्या पोचरस्त्यावर जाणार आहे. पट्टी तो धरणार, आकडे मी लिहिणार.